गुडघेवाल्यांची रांग

गेवराईत माणसानं पळावं याला लोकांना तीनच कारणं पटतात. एसटी सुटली, कुत्रं मागं लागलं किंवा पोलीस भरती निघाली. यातलं काहीही नसताना पन्नाशी उलटलेला, बऱ्या घरचा, पगारी माणूस पहाटे पाचला अर्ध्या चड्डीवर पळताना दिसला, की लोक आधी त्याच्या मागं कोण लागलंय ते बघतात. मागं कुणीच नाही म्हटल्यावर जास्तच काळजीत पडतात.

माझी ही काळजी गावानं बरीच वर्षं वाहिली. मी शाळामास्तर. लांब पळायचा नाद चाळिशीत लागला. पुण्यामुंबईला या नादाला आता प्रतिष्ठा आहे. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन 1983 पासूनची, मुंबईची 2004 पासूनची. साताऱ्याला तर माणसं महिनोन्‌महिने आधी पैसे भरतात आणि यवतेश्वरचा घाट पळत चढायला जातात. मीही एकदा जाऊन आलो आणि मोठ्या उत्साहानं चौकात सांगितलं.

"म्हणजे घाट चढायचे पैसे भेटले?" एकानं विचारलं.

"भेटले नाहीत. मीच भरले."

त्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. मग कुणीतरी माझ्यासाठी चहा सांगितला. तोही बिनसाखरेचा, कारण माझ्या पळण्याचा उलगडा त्यांनी आपापसात केलेला होता: सरांना शुगर निघाली असणार. इथं पहाटे चालणारे पुष्कळ आहेत, पण प्रत्येकाच्या खिशात डॉक्टरची चिठ्ठी असते. तालुक्यातली एक साखर गढीच्या कारखान्यात तयार होते आणि दुसरी आमच्या रक्तात, त्यामुळं चालण्याला समाजमान्यता आहे. चिठ्ठी नसताना घाम गाळणं मात्र चैनीत मोडतं.

माझा रस्ता गढीचा. धुळे–सोलापूर हायवेच्या कडेकडेनं. उसाचा हंगाम सुरू झाला की पहाटेच्या अंधारात ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत, गाणी लावून, कारखान्याकडं निघालेले असतात. त्यातले निम्मे ड्रायव्हर माझ्या शेजारी आले की हळू करायचे.

"बसा सर, गढीला सोडतो."

"नको, मी पळायलोय."

"ते दिसायलंय. पण कामून?"

रशियन कादंबऱ्या वाचल्या, ज्ञानेश्वरीवर व्याख्यानं ऐकली, पण या 'कामून'पुढं मी कायम गप्प झालो. शेवटी हात हलवून 'पुढं व्हा' म्हणायचो. तो मान हलवत पुढं व्हायचा आणि उसाच्या धुरळ्यात मला सोडून जायचा.

पहाटेचा खरा मालकी हक्क भरतीवाल्या पोरांचा. बीड जिल्ह्यात शेतीच्या आधी पोरं पेरतात ती भरतीसाठी. कॉलेजच्या मैदानावर, बायपासला, कालव्याच्या कडेला, जिथं सपाट जागा दिसेल तिथं सोळाशे मीटर चाललेलं असतं. ती पोरं माझ्याशी आदरानं वागायची, पण त्यांना माझा हिशेब लागत नव्हता. सोळाशे झाले की ती थांबत. मी थांबत नसे. "काका, तुमची भरती कवा हाय?" असं एकानं विचारलं, तेव्हा दुसऱ्यानं त्याला कोपर मारलं आणि म्हणाला, "आरं, काका रिटायर व्हायची तयारी करायलेत." दोघांतलं दुसरं पोरगं पुढं जाऊन फौजदार होईल, अशी माझी खात्री आहे.

तर असा मी गावात राहून गावाबाहेरचा माणूस होतो. हे सगळं एका दिवसात बदललं, कारण माझा गुडघा गेला.

गुडघा कसा गेला हे सांगण्याआधी आमच्या जिल्ह्यातल्या मोठ्या गुडघ्याबद्दल सांगायला हवं. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे. तीन हजार मीटर स्टीपलचेस. त्यात अठ्ठावीस अडथळे आणि सात वेळा पाण्यावरून उडी. आमच्या जिल्ह्यातल्या रस्त्यांवर वाढलेल्या पोराला ही शर्यत सापडली यात मला तरी नवल वाटलं नाही. 2022 ला राष्ट्रकुलचं रौप्य, 2023 ला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण, 2024 ला पॅरिसमध्ये आठ मिनिटं 9.91 सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम आणि त्याच शहरात ऑलिंपिकची अंतिम फेरी. 2025 च्या जुलैत मोनॅकोच्या डायमंड लीगमध्ये तो पाण्याच्या उडीला पडला. गुडघ्यातला लिगामेंट फाटला, मेनिस्कसही दुखावला, शस्त्रक्रिया झाली आणि टोकियोची जागतिक स्पर्धा हुकली. बातमी वाचून मला खरोखर वाईट वाटलं होतं.

माझा गुडघा शेंगदाण्याच्या डब्यापाशी गेला. डबा फडताळाच्या खालच्या कप्प्यात होता. मी उकिडवा बसलो, डबा घेतला, उठलो, आणि आतून 'कट्' असा आवाज आला. एवढंच. घाट नाही, उतार नाही, पाण्याची उडी नाही. एकवीस किलोमीटर बिनतक्रार पळणारा पाय कुटाच्या पायी गेला.

दुसऱ्या दिवशी मी लंगडत चौकात गेलो. बरीच वर्षं ज्या चौकातून मी नुसता जात होतो, त्या चौकानं मला त्या दिवशी आत घेतलं.

"काय झालं सर? गुडघा का?"

मी 'हो' म्हणायचा अवकाश, हॉटेलातल्या बाकावरचे सगळे एकदम सरकले आणि मला जागा झाली. एका निवृत्त कंडक्टरनं भर उजेडात पायजमा वर घेतला आणि स्वतःचा उजवा गुडघा दाखवला. "हा बघा. पस्तीस वर्षं खडखड्यात उभा ऱ्हायलोय." त्याचं बघून जिनिंगवरच्या मुकादमानं दोन्ही दाखवले. शिंप्यानं एकच दाखवला, पण मशीनच्या पायडलचा इतिहास सांगून. मेडिकलवाला दुकान सोडून आला. म्हणजे एवढी वर्षं मी यांच्यासमोरून पळत होतो आणि प्रत्येक धोतराखाली, पायजम्याखाली, पँटीखाली एकेक दुखणारा गुडघा होता, आणि मला कुणी सांगितलं नव्हतं! सांगणार कसे? धडधाकट पायाच्या माणसाशी काय बोलायचं?

गुडघ्याची त्यांची स्वतंत्र शरीररचना आहे. तिच्यात वाटी असते, गादी असते आणि ग्रीस असतं. वाटी सरकते, गादी झिजते, ग्रीस संपतं. ऑपरेशन झालं की 'वाट्या बदलल्या' असं म्हणतात आणि ऐकणारा लगेच विचारतो, "एक का दोन्ही?" यात 'गॅप' नावाचं एक प्रकरण आहे, ते मला अजून नीट उमगलेलं नाही. मणक्यात गॅप पडला की माणूस अंथरुणाला खिळतो आणि गुडघ्यातला गॅप गेला तरी अंथरुणालाच खिळतो. जिथं हवा तिथं राहत नाही आणि नको तिथं पडतो.

उपाय मात्र सढळ हातानं मिळाले. निर्गुडीचा पाला वाफवून बांधा. रुईचं पान तेल लावून तव्यावर गरम करा. आंबेहळद-तुरटीचा लेप. डिंकाचे लाडू, पण त्यात खारीक भरपूर. मुकादमानं बिब्ब्याचं नाव काढलं तेव्हा शिंप्यानं आपल्या पोटरीवरचा जुना डाग दाखवला आणि तो विषय तिथंच मिटला. कंडक्टरचा भर पायाळू माणसावर होता. पायाळू, म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आलेला माणूस. त्यानं लाथ मारली की उसण जाते, हे आमच्याकडं लहान पोरालाही ठाऊक आहे. पण उसण कमरेची असते; गुडघ्याला पायाळूची लाथ लागू पडते का, यावर दोन तट पडले. "लाथ हळू मारायची असते," असं एका तटाचं म्हणणं. "मग ती लाथ कसली?" हे दुसऱ्याचं. गावात पायाळू नेमका कोण, याची चौकशी चालू असताना मी चहाचे पैसे द्यायला उठलो, तर ते आधीच कुणीतरी दिलेले होते. साखरेचा चहा होता.

त्यानंतर मी डॉक्टरकडं गेलो. बाकावर माझ्या शेजारी एक बाई होत्या, चाळिशीच्या असतील. ऊसतोडीच्या. दोन्ही गुडघे हातानं दाबत बसलेल्या.

"तुमचा कशानं गेला?" त्यांनी विचारलं.

"पळून," मी म्हणालो.

"उचल घेऊन?"

मला हसू आलं, पण त्या हसत नव्हत्या. त्यांच्या जगात मुकादमाची उचल घेऊन फड सोडून पळणारी माणसं असतात. हौसेनं पळणारा माणूस त्यात बसत नव्हता. नवराबायको मिळून एक कोयता. दिवाळीच्या सुमारास गाव सोडायचं, दिवसभर वाकून ऊस तोडायचा, मोळी बांधायची आणि ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढायचं. आत डॉक्टरांनी त्यांना आराम सांगितला. "आराम केला तर उचल कोण फेडील, साहेब?" एवढं बोलून त्या गोळ्या घेऊन गेल्या. मग डॉक्टरांनी मलाही आरामच सांगितला. मी 'स्पोर्ट्स इंज्युरी' असे दोन शब्द घरून तयार करून नेले होते, ते तसेच परत आणले.

एमआरआयसाठी बीडला जावं लागलं. त्या नळकांड्यात पडून तो ठणठणाट ऐकायचा आणि हलायचं नाही. रिपोर्ट चार पानी आला. गेवराईत रिपोर्ट ही खाजगी वस्तू नाही. एसटीतून उतरल्यावर घरी पोचेपर्यंत तो चार जणांनी वाचला होता. वाचायची पद्धत ठरलेली: पहिली तीन पानं उलटून टाकायची, शेवटी 'इंप्रेशन' असतं तेवढं मोठ्यानं वाचायचं, मग फिल्म उन्हाकडं धरायची आणि 'हं' म्हणायचं. मेडिअल मेनिस्कसच्या, म्हणजे चौकातल्या भाषेत गादीच्या, पोस्टेरिअर हॉर्नला फाट, असं त्यात होतं. "हॉर्न गेला म्हणजे आता वाजणार नाही," असं मेडिकलवाला म्हणाला. पण वाजत तर होता. प्रत्येक पायरीला.

मी मास्तर असल्यामुळं मला अभ्यास करायची खोड आहे. वाचता वाचता एक गंमत सापडली. अमेरिकेत फ्रॅमिंगहॅम नावाचं एक गाव आहे. तिथल्या पन्नाशी ते नव्वदीच्या 991 माणसांच्या उजव्या गुडघ्यांचे एमआरआय काढले आणि 2008 साली त्याचा निष्कर्ष छापला. पस्तीस टक्के लोकांचा मेनिस्कस फाटलेला किंवा झिजलेला. आणि फाटलेल्यांपैकी एकसष्ट टक्क्यांना आदल्या महिन्यात गुडघा दुखला, आखडला असं काही झालेलंच नव्हतं! त्यांची गादी फाटलेली होती, हे त्यांना ठाऊकही नव्हतं. गेवराईत हा अभ्यास इतका स्वस्तात पडला नसता. एकदा एमआरआय काढल्यावर 'मला काही होत नाही' असं म्हणणारा माणूस आमच्याकडं मिळणं कठीण. पैसे भरल्यावर दुखतंच.

त्याहून भारी काम फिनलंडवाल्यांनी केलं. झिजून फाटलेल्या मेनिस्कसचे 146 रुग्ण घेतले. निम्म्यांचं दुर्बिणीनं खरं ऑपरेशन केलं, फाटका भाग कापून काढला. उरलेल्यांचं खोटं केलं. खोटं म्हणजे कातडीला छेद दिला, हत्यारांचे आवाज केले, वेळ तेवढाच घालवला आणि टाके घालून पाठवून दिलं. वर्षभरानं दोन्ही गटांचं बरं होणं सारखंच! 2013 साली हे छापून आलं. मी ते चौकात समजावून सांगितलं. सगळ्यांनी नीट ऐकलं आणि कंडक्टरनं विचारलं, "खोट्याचं बिल खरं लावलं का खोटं?" फिनलंडच्या शास्त्रज्ञांना हा प्रश्न सुचला नसावा.

आणखी एक आकडेवारी माझ्याकडं होती आणि ती मी हुकमी पानासारखी जपून ठेवली होती. 2017 साली बऱ्याच अभ्यासांची एकत्र बेरीज झाली. त्यात हौसेनं पळणाऱ्यांपैकी साडेतीन टक्क्यांना गुडघ्याचा किंवा खुब्याचा संधिवात आढळला आणि न पळणाऱ्या, बैठ्या लोकांपैकी 10.2 टक्क्यांना. म्हणजे पळण्यानं गुडघे जातात हे खोटं. स्पर्धेच्या पातळीवर जीव तोडून पळणाऱ्यांत मात्र प्रमाण 13.3 होतं, पण गढीच्या रस्त्यावरचा माझा वेग पाहता तो आरोप माझ्यावर कुणी करणार नव्हतं. मी पान टाकलं. बाकावर शांतता पसरली. शिंपी म्हणाला, "म्हणजे शंभरात साडेतीन."

"हो. फक्त साडेतीन."

"त्यात तुम्ही आलाव की, सर."

घरी वेगळी लढाई होती. घरी मी फौजासिंगांचं उदाहरण द्यायचो. हे गृहस्थ एकोणनव्वदाव्या वर्षी मॅरेथॉनच्या नादी लागले आणि शंभरीच्या घरात टोरांटोला अख्खी मॅरेथॉन पळाले. "त्यांच्या घरी शेंगदाण्याचा डबा कोण काढायचं?" असा प्रश्न बायकोनं विचारला. मग मी बारामतीच्या लता करेंचं नाव काढलं. 2014 साली साठी ओलांडलेली ही बाई नऊवारीत, अनवाणी, नवऱ्याच्या औषधोपचाराच्या पैशांसाठी शर्यतीत उतरली आणि जिंकली. हे उदाहरण काढायला नको होतं. बायकोनं ते मन लावून ऐकलं आणि कपाटावरच्या माझ्या तीन जोडी बुटांकडं बघत म्हणाली, "अहो, त्या नवऱ्यासाठी पळाल्या. तुम्ही कुणासाठी?" पुन्हा तेच 'कामून', फक्त शहाण्या मराठीत.

याच सुमारास कुणीतरी सुचवलं की हे शनीचं आहे. तालुक्यातच राक्षसभुवन, गोदावरीच्या काठी, शनीचं ठाणं. लांबलांबची माणसं साडेसाती घेऊन येतात. आम्हाला एसटीनं जाऊन येता येतं. मी देवभोळा नाही, पण तेल वाहायला बसल्यावर एक गोष्ट मनात आली आणि मला फार बरं वाटलं. शनी स्वतः लंगडा आहे! रावणानं त्याचा पाय मोडला अशी कथा सांगतात. तेव्हापासून स्वारी सावकाश चालते; एका राशीतून दुसऱ्या राशीत जायला अडीच वर्षं, पूर्ण फेरीला साडेएकोणतीस. घाई नाही, टायमिंग नाही, आणि तरी सगळं जग टरकून. बरं, याच तालुक्यात तलवाड्याला त्वरिता देवी आहे, जिच्या नावातच घाई. इतकी वर्षं मी बहुधा तलवाड्याच्या हद्दीत राहत होतो. आता माझी बदली राक्षसभुवनला झाली होती.

राक्षसभुवनला आणखी एक जण नदीकाठी अडकला होता. 10 ऑगस्ट 1763. निजामअली गोदावरी ओलांडून पलीकडं पोचलेला, त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर उरलेल्या फौजेसह अलीकडं. अठरा वर्षांच्या माधवराव पेशव्यांनी ही अलीकडची फौज गाठली, दिवाण पडला, आणि निजामाला पलीकडून बघत बसावं लागलं. माझं अगदी असंच झालं होतं. छाती, फुप्फुसं, इच्छा हे सगळं केव्हाच नदीपार झालेलं, पाय मात्र अलीकडच्या काठावर मार खात होते.

डॉक्टरांनी ऑपरेशन नको म्हटलं आणि व्यायाम सांगितला. नॉर्वेत 2016 साली ऑपरेशन आणि नुसता व्यायाम यांची तुलना झाली, दोन वर्षांनी दुखण्यात फरक निघाला नाही आणि व्यायामवाल्यांच्या मांड्या मात्र बळकट झाल्या, हे मी आधीच वाचलेलं होतं. फिजिओथेरपीवाली मुलगी माझ्या विद्यार्थिनीच्या वयाची. तिनं सांगितलं, "सर, टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली ठेवायची आणि गुडघ्यानं ती दाबायची. दहापर्यंत मोजायचं." मी म्हणालो, "बस?" ती म्हणाली, "करून बघा." केलं, तर मांडी थरथर कापायला लागली. बरीच वर्षं पळून मी फुप्फुसं कमावली होती. मांडीच्या पुढच्या स्नायूनं त्या काळात काय केलं देव जाणे.

घरातलं दृश्य बघण्यासारखं असायचं. सतरंजीवर मी उताणा, एक पाय हवेत, तोंडानं आकडे. शेजारची माणसं काही मागायला आली की दारातूनच परत जायची. दूधवाल्यानं एकदा बायकोला हळूच विचारलं, "सर कुणावर रागावलेत का?" बायकोला हा व्यायाम फार आवडला. नवरा पहाटे पाचला हायवेवर असण्यापेक्षा आठला सतरंजीवर असणं तिला सोयीचं होतं. पाय हवेत असताना मी काही बोलू शकत नाही, हे तिनं दुसऱ्याच दिवशी हेरलं आणि घरातले सगळे तंटे त्या वेळेत काढायला सुरुवात केली.

याच दिवसांत सप्ताह बसला. आमच्याकडं सप्ताहाच्या मंडपात पुढं सतरंज्या असतात आणि मागं, खांबांच्या कडेनं, प्लास्टिकच्या खुर्च्यांची एक रांग. पूर्वी ती पुढाऱ्यांसाठी असायची, आता गुडघ्यांसाठी असते. तिथं कुणीही येऊन बसत नाही. त्या रांगेला नियम आहेत. मधोमध, पंख्याखाली, वाट्या बदललेले. त्यांच्या दोन्ही बाजूंना ऑपरेशनची तारीख मिळालेले. मग इंजेक्शनवाले, मग गोळीवाले, आणि टोकाला नुसते तेल लावणारे. कंडक्टरनं मला हाताला धरून नेलं, "सरांचा एमआरआय झालाय," अशी ओळख करून दिली, आणि मला थेट इंजेक्शनवाल्यांत जागा मिळाली. तेल लावणाऱ्या दोघांना हे आवडलं नाही, पण एमआरआयपुढं काय बोलणार?

कीर्तन ऐकण्याची या रांगेची स्वतंत्र रीत आहे. देह नश्वर आहे असं बुवा म्हणाले की सतरंजीवरची पोरं मोबाइल बघतात आणि आमची रांग एकसाथ मान डोलवते. पुंडलिकवरदाचा गजर झाला की सगळा मंडप उठतो. आम्ही उठताना खुर्च्यांच्या हातांवर जोर देतो आणि सगळे गुडघे एका सुरात वाजतात. टाळकऱ्यांना वाटतं कुणीतरी मागून साथ धरली. मला ती रांग आवडायला लागली. तिथं कुणी टायमिंग विचारत नाही. कोण कुठल्या डॉक्टरकडं, कुणाच्या सुनेनं खालचं सगळं सामान वरच्या फळीवर ठेवलं आणि कुणाच्या नाही, कुठल्या देवळाला किती पायऱ्या, कुठल्या लग्नात टेबलावर जेवण होतं, असली सगळी माहिती मिळते. गावाचा असा एक नकाशा आहे जो मला पळताना कधी दिसला नव्हता.

अडचण एकच झाली. गुडघा बरा व्हायला लागला.

टॉवेल दाबून दाबून मांडीत जोर आला. पायऱ्या गप्प झाल्या. फिजिओवालीनं परवानगी दिली: एक मिनिट पळायचं, दोन मिनिटं चालायचं, असं आलटून पालटून. मी अंधार धरून गढीच्या रस्त्याला गेलो, पण भरतीवाल्या पोरांच्या नजरेतून काय सुटतं? "काका, पळायलाव का चालायलाव? एक कायतरी ठरवा." मग एक ट्रॅक्टर शेजारी हळू झाला. "सर! लै दिसानं! बसा." मला इतका आनंद झाला की मी जवळजवळ बसलोच असतो.

ही बातमी माझ्याआधी गावात पोचली. चौकातल्या बाकावर त्या दिवशी कुणी सरकलं नाही. सगळे नीटच बोलले, पण जरा तुटक. मेडिकलवाल्यानं "बरं झालं म्हणायचं" असं म्हटलं, तेही एखादं गिऱ्हाईक गेल्यावर म्हणतात तसं. शिंप्यानं गुडघ्याचा विषयच काढला नाही, पावसाचं बोलला.

पुढचा सप्ताह शेजारच्या गावाला होता. मी सवयीनं मागच्या रांगेत गेलो. इंजेक्शनवाल्यांतली माझी खुर्ची रिकामी होती, पण तिच्यावर कंडक्टरनं पिशवी ठेवली होती.

"सर, तुम्ही पुढं बसा. सतरंजीवर जागा हाय."

"मला मांडी घालता येत नाही अजून."

"परवा तर गढी रोडला पळत होताव."

"पळता येतं. मांडी घालता येत नाही."

सगळी रांग माझ्याकडं बघायला लागली. मी समजावून सांगितलं. पळताना गुडघा पुरता दुमडत नाही. मांडी घालताना, उकिडवं बसताना तो पुरता दुमडतो आणि मेनिस्कसचा मागचा भाग त्या दुमडण्यातच चिमटला जातो, म्हणून सरळ रेषेत दहा किलोमीटर जमेल पण सतरंजीवर दहा मिनिटं नाही. पोस्टेरिअर हॉर्नचं नावही घेतलं. यातलं अक्षर न् अक्षर खरं होतं, आणि मला स्वतःलाच ऐकताना ते थापेसारखं वाटत होतं.

वाट्या बदललेल्या आजोबांनी पंख्याखालून विचारलं, "काय म्हणायलेत सर?"

"पळता येतंय म्हणं, बसता येईना."

आजोबांनी विचार केला. पुढं बुवांनी टाळ मागवले होते, अभंग सुरू व्हायच्या बेतात होता.

"मग बसता कामून?" आजोबा म्हणाले. "कीर्तन सुटंस्तोवर मंडपाला चकरा मारा."

कंडक्टरनं पिशवी उचलली नाही.